परत जाऊन तिलाच का अडवायचं?

९ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. जावयाचं पत्र म्हणून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्हाला माझं निम्मं बोलणं ऐकू येत नाही, आणि जे येतं त्याबद्दल तुम्ही लगेच मागे वळून मोठ्यानं विचारता, "काय म्हणतायत गं हे?" मला जे विचारायचंय ते तुमच्या मोठीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कानावर इतक्यात जायला नकोय. म्हणून पत्र.

सोबतच्या जाड पाकिटात माझ्या नव्या सिनेमाची पटकथा आहे. काळात मागे जाण्याचा सिनेमा. असले सिनेमे तुम्ही टीव्हीवर खालच्या अक्षरांसकट बघता आणि मग "हा आत्ता तरुण कसा झाला?" म्हणून मोठीला भंडावून सोडता. मला नेमका असाच वाचक हवाय. इथे सगळे एकतर फार हुशार आहेत, नाहीतर मला वाईट वाटेल म्हणून गप्प आहेत.

गोष्ट अशी. नायक वेधशाळेत नोकरीला. बायको गायिका. ती गाडी चालवत असताना अपघात होतो. जीव वाचतो, आवाज जातो. नायक वर्षानुवर्षं खपून एक यंत्र बनवतो, अपघाताच्या दिवसात परत जातो आणि गाडीची किल्ली लपवतो. बायको घरीच राहते, अपघात होत नाही, आवाज शाबूत. शेवट गोड.

गोड खरा, पण आमच्या निर्मात्यांच्या घशाखाली उतरेना. ते टायरचे व्यापारी, सगळे त्यांना शेठ म्हणतात. वाचन झाल्यावर म्हणाले, "लेखकराव, अपघात झालाच नाही, तर ह्यानं यंत्र बनवलं कशाला?"

"अपघात झाला म्हणून."

"पण तो तर झाला नाही."

"ह्यानं थांबवला म्हणून नाही झाला."

"यंत्रच नाही तर थांबवला कशानं?"

हे असं बराच वेळ चाललं. शेवटी शेठनी पाणी मागवलं. तेव्हापासून माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. अपघात झाला तर तो होत नाही, आणि झाला नाही तर होतो! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तुम्ही वाचा, आणि जिथे अडखळाल तिथे पेन्सिलनं खूण करा.

मोठीचा हात कसा आहे? तुमच्याकडे येताना मला म्हणाली होती, "काही दिवस फोन करू नकोस, मला शांत राहू दे." म्हणून मी करत नाही. पण तिचा दातांचा दवाखाना बंद बघून पेशंट घरची बेल वाजवतात. डॉक्टरबाई कधी बसणार, विचारतात. काय सांगू त्यांना?

तुमचा,
जावई

*

१७ फेब्रुवारी

जावईबापू,

अनेक आशीर्वाद. पाकीट आलं तेव्हा मोठी झोपली होती. शिवणयंत्राच्या पेटीत ठेवून दिलंय. तिथे ती जन्मात हात घालणार नाही.

पत्र लिहिलंत ते बरं केलंत. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून जगाचे फोन जोडले, आणि आता माझाच कोणाशी जुळत नाही.

वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं, तर पहिल्या वेळी जेवढं कळल्यासारखं वाटलं होतं तेवढंही गेलं. पेन्सिलीचं म्हणाल तर समासापेक्षा खुणाच जास्त झाल्यात, म्हणून मुख्य तेवढं इथे लिहिते.

हा माणूस मागे जातो तेव्हा तिथे आधीचा तो असेलच ना? म्हणजे घरात दोन नवरे. एक बाहेरच्या खोलीत पेपर वाचतोय आणि दुसरा चपलांच्या कपाटात किल्ली लपवतोय. अहो, बाईला एक आवरत नाही! आणि हा दुसरा इतका म्हातारा होऊन आलाय तरी ती त्याला ओळखत नाही? तुमचे सासरे एकदा बाहेरगावाहून दाढी वाढवून आले होते. मी त्यांना दार उघडायच्या आधी खोकल्यावरून ओळखलं होतं.

किल्ली लपवली म्हणे. दुसरी किल्ली नसते का? आमच्याकडे प्रत्येक कुलपाला दोन असतात आणि दोन्ही सापडत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

चाळिसाव्या पानावर "उद्या मी काल आलो होतो" असं वाक्य आहे. आमच्या मराठीच्या बाईंनी ह्यावर बाकावर उभं केलं असतं.

आणि एक. काम झाल्यावर हा जातो कुठे? आपल्या घरी परत? तिथे आता कोण आहे? हे तुम्ही लिहिलेलंच नाही. मी दोनदा शोधलं.

मोठीचा हात ठीक आहे. डॉक्टर समाधानी आहेत. रबरी चेंडू दाबायला दिलाय, दाबते. जेवतेही नीट. पेशंटांना सांगा, तूर्त दुसरीकडे दाखवा. दाढ काही कोणासाठी थांबत नाही.

आई

*

२४ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. तुमचं पत्र मी आमच्या दिग्दर्शिकेला वाचून दाखवलं. वयानं लहान आहे, पण डोकं तल्लख. ती म्हणाली, "ह्या बाईंना आधीच बोलवायला हवं होतं." तुमचा शेवटचा प्रश्न ऐकून मात्र ती खडू हातात घेऊन फळ्यासमोर नुसतीच उभी राहिली.

आता तिनं मार्ग काढलाय. काळ म्हणजे एक सरळ रस्ता नाही, त्याला फाटे आहेत. नायक मागे गेला आणि किल्ली लपवली की तिथून नवा फाटा फुटतो. त्या फाट्यावर अपघात नाही. जुन्या रस्त्यावर अपघात झालेलाच आहे, म्हणून यंत्रही आहे. शेठचा प्रश्न सुटला. दोन नवऱ्यांचंही थोडंफार जमवता येईल. नव्या फाट्यावरचा नवरा त्या दिवशी कामावर असतो, असं केलंय.

किल्लीचं तुम्ही म्हणालात ते पटलं. आता नायक किल्ली लपवत नाही, गाडीचं टायर फोडतो. शेठ खूश! म्हणाले, "आता कसं विषयाला हात घातलात." शिवाय तिसरा खर्डाही करून बघितलाय. त्यात बायको फोडलेलं टायर बदलून निघते, म्हणून नायक तिला खोलीत बंद करून बाहेरून कडी लावतो. दोन्ही पाठवतोय. कुठला बरा, सांगा.

शूटिंग छान वेळेवर सुरू होईल असं दिसतंय.

एक विचारू? मोठी माझ्याबद्दल काही बोलते का? चांगलंच बोललं पाहिजे असं नाही. नुसतं बोलते का? घरात तिच्या कपाची जागा रिकामी आहे. मी दुसरा कप तिथे ठेवून बघितला, बरं नाही वाटलं, काढला.

आमच्या अपघाताच्या त्या संध्याकाळचा विचार डोक्यातून जात नाही. आपण निघालोच नसतो तर, हेच फिरत राहतं. तुम्हाला कंटाळा आला असेल ऐकून. तिला तर आलाच होता.

जावई

*

४ मार्च

जावईबापू,

फाट्यांचं वाचलं. मला जे कळलं ते सांगते, चुकत असेन तर सांगा. त्याची स्वतःची बायको, जिचा आवाज गेला, ती जुन्या रस्त्यावर तशीच बसली आहे. हा गेला आणि दुसऱ्या फाट्यावरच्या दुसऱ्या बाईला वाचवून आला. त्या बाईला तर काही झालंच नव्हतं! जखम मांडीला आणि मलम शेंडीला. आणि हे सगळं चाललेलं असताना घरातली काय करत होती? वाट बघत होती? तिला सांगून तरी गेला का हा?

पण आज मी लिहायला बसले ते ह्यासाठी नाही.

मोठीनं वाचलं. जन्मात शिवणयंत्राला हात न लावणारी मुलगी उशीचा अभ्रा उसवला म्हणून पेटी उघडायला गेली. तिन्ही खर्डे तिनं एका बैठकीत वाचले. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर कागद नीट एकावर एक लावून ठेवलेले, आणि ही खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभी. मी समोर जाऊन तोंडाकडे बघून विचारलं, "कसं वाटलं गं?"

म्हणाली, "आई, ह्यात मला तीन वेळा घरात कोंडलंय."

मग तिच्या खोलीत गेली आणि जेवायला आली नाही.

मी मग तिन्ही परत वाचले. ह्या वेळी सिनेमा म्हणून नाही. आणि आता तुम्हाला सरळ विचारते, राग मानू नका. तुमच्या नायकाच्या हातात सगळा काळ आहे. कुठेही जाता येतं, काहीही बदलता येतं. तो प्रत्येक वेळी परत जाऊन तिलाच का अडवतो? कधी किल्ली लपवतो, कधी टायर फोडतो, कधी कडी लावतो. गाडी तिच्या हातात होती, म्हणून?

त्या दिवशी गाडी माझी मुलगी चालवत होती. तुमच्या अंगावर ओरखडासुद्धा आला नाही, देवाची कृपा. पण तेव्हापासून तुम्ही उठता बसता म्हणता, "आपण निघालोच नसतो तर." ते तिला कसं ऐकू येत असेल, ह्याचा कधी विचार केलात? मी बहिरी असून मला कळतं.

आई

*

९ मार्च

आई,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

मी तिला कधीच दोष दिलेला नाही. मनातसुद्धा नाही. मी "आपण निघालोच नसतो तर" म्हणतो, त्याचा अर्थ मी हट्ट केला नसता तर, असा आहे. त्या दिवशी ती दवाखान्यातून दमून आली होती. "आज नको," म्हणाली. सिनेमाचा तो शेवटचा खेळ होता आणि मीच मागे लागलो. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर मी खाली वाकून सीटखाली गेलेली पाण्याची बाटली शोधत होतो. मान वर केली तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेच्या भिंतीवर आदळलो होतो. ती हाताकडे बघत होती. मला वाटलं होतं, हे सगळं तिला माहीत आहे. माझा हट्ट तिच्याइतका कोणाला माहीत असणार?

पण मग मी तिन्ही खर्डे काढून बसलो. तुम्ही म्हणता तेच आहे. तिन्ही वेळा तीच घरी राहते. मी स्वतःला अडवायला निघालो होतो, आणि दर वेळी तिच्याच दाराशी कसा पोचलो?

थोडंसं कारण सापडलं. ते कारण आहे की सबब, मला कळत नाही. माणसानं हट्ट केला नाही, हे पडद्यावर दाखवता येत नाही. तो नुसता खुर्चीत बसलेला दिसेल. किल्ली लपवली की दिसतं, टायर फोडलं की दिसतं. म्हणून मी दिसेल ते लिहीत गेलो.

एक खोटं बोललो होतो. शूटिंग वेळेवर वगैरे काही नाही. माझ्यापायी दोनदा पुढे ढकललंय. 

मी येऊ का? उद्याच निघतो. तिला समोर बसवून सांगतो.

जावई

*

१६ मार्च

जावईबापू,

येऊ नका. निदान आत्ता नको. आलात तर ती दार लावून घेईल, आणि मला लावलेलं दार ऐकू येत नाही, मी उगाच चहा घेऊन उभी राहीन.

तुमचं पत्र तिला दिलं. वाचून म्हणाली, "ह्याला हे असं वाटत होतं?" रागावली आहे की नाही, मला सांगता येणार नाही. तिचा चेहरा मला लहानपणापासून वाचता येतो, पण ह्या वेळी नाही आला.

तुम्ही एक खोटं कबूल केलंत, मग मीही करते. हात ठीक नाही. डॉक्टर समाधानी वगैरे नव्हतेच. अंगठा आणि तर्जनी जुळतात, पण चिमटीत जोर नाही. चमचा धरते, पण दात कोरायचं यंत्र धरता येत नाही. परवा दुसरं ऑपरेशन झालं. मनगटात दबलेली नस मोकळी केली म्हणतात. किती फरक पडेल ते महिन्यानं कळेल. तुम्हाला कळवायचं नाही, असं तिनं बजावलं होतं. म्हणाली, "तो आला की माझ्या हाताकडे बघून परत 'तर' सुरू करेल, आणि मी भुलीतून उठलेली असेन, मला पळताही येणार नाही."

आणि तुम्ही तुमचा हट्ट धरून बसला आहात, तर माझंही ऐका. त्या संध्याकाळी मी मोठीला मोबाइलवर लिहून पाठवलं होतं, "निघालात का? पोचलात की कळव." वेळ नेमकी तीच. नंतर मी पाठवलेली वेळ आणि अपघाताची वेळ लावून बघितली. माझ्या मनानं घेतलं की तिनं ते वाचायला मान खाली घातली असेल. तिला विचारायचा धीर झाला नाही. तुमच्या यंत्रात मला बसवलंत, तर मी तुमच्या घरी जाणार नाही. माझ्याच खोलीत जाऊन माझाच मोबाइल काढून घेईन.

मग आता सांगा, तुमच्या हट्टानं झालं की माझ्या निरोपानं? मी तर गोंधळून गेले आहे. दोघं मागे गेलो तर वाटेत धडकायचो.

आई

*

२ एप्रिल

डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर असंच येणार. वाक्यं छोटी.

आईनं तुझी सगळी पत्रं दिली. तिची तिनं सांगितली. तुम्ही दोघांनी मिळून माझ्या अपघाताची वाटणी केली आहे. मला विचारलं नाही.

आधी आईचं. मोबाइल पर्समध्ये होता. पर्स डिकीत. निरोप मी हॉस्पिटलमध्ये वाचला. तिला सांगितलं. रडली. मग म्हणाली, "मग पोचल्यावर कळवलं का नाहीस?" असो.

आता तुझं. मी दमले होते ते आदल्या रविवारी. त्या दिवशी सिनेमा मला बघायचा होता. मीच घाई करत होते. तुझे मोजे सापडत नव्हते. तू म्हणालास, "राहू दे, पुढच्या वेळी जाऊ." मी म्हटलं, "हा शेवटचा खेळ आहे." हे मी म्हटलं. तू नाही. तुला खरंच आठवत नाही का? की तू इतक्या वेळा लिहून खोडलंस की आता खोडलेलंच आठवतं?

कदाचित माझंही चुकत असेल. पण मोजे मला स्पष्ट आठवतात.

आता वळणाचं. हे मी तुला हॉस्पिटलमध्ये दोनदा सांगायला गेले. पहिल्यांदा तू म्हणालास, "आता ते आठवू नकोस." दुसऱ्यांदा म्हणालास, "आपण निघालोच नसतो तर." मग मी सोडून दिलं.

वळणावर एक माणूस होता. सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. मागे कॅरियरवर खिडकीची मोठी काच उभी बांधलेली. त्या काचेत आपल्याच गाडीचे दिवे दिसले. मला वाटलं समोरून गाडी येते आहे. मग काचेच्या कडेला त्याचं तोंड दिसलं. तोंड उघडं होतं. मी गाडी भिंतीकडे घेतली. घाबरून सुटली नाही. मी घेतली. विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा होता. तू माझ्या डावीकडे वाकलेला होतास, म्हणून भिंत माझ्या बाजूची घेतली.

तो पळाला की थांबला, माहीत नाही. मी मान वर केली तेव्हा नव्हता.

तू तीन खर्डे लिहिलेस. एकातही तो माणूस नाही. तू मला घरात ठेवलंस तर त्या वेळी त्या रस्त्यावरून दुसरं कोणीतरी येईल. त्याला काच दिसेल का? तो काय करेल? शेठना विचार. तुमच्या फळ्यावर ह्याचा फाटा काढा.

मला तो दिवस परत नकोय. हात गेला त्याचं वाईट वाटतं. रोज वाटतं. पण ते माझ्या हातून चुकून झालेलं नाही. तू परत जाऊन ते पुसलंस, तर मी केलेलं पुसशील.

हाताचं अजून सांगता येत नाही. इथल्या ओळखीनं तिकडच्या दंत महाविद्यालयात विचारलं आहे. शिकवायला चिमूट लागत नाही.

ऐकून घेणार असलास तर ये.

*

२८ एप्रिल

आई,

नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो. पोचल्यावर कळवायचं असतं, म्हणून हे. मोबाइलवर मोठीनं लिहिलंच असेल, पण सगळं तिथे मावत नाही.

तुमच्याकडून निघाल्यावर निम्म्या वाटेपर्यंत तिची बोटं उघडमीट करत होती. आधीपेक्षा बरी वळतात, पण यंत्र धरता येणार नाही हे तिनंच मला सांगितलं, आणि मी एकदाही 'तर' म्हटलं नाही. जूनपासून महाविद्यालयात रुजू होईल. दवाखान्याची खुर्ची तिच्या मैत्रिणीला देणार आहे. खुर्चीबद्दल बोलताना तिनं डोळे पुसले. मी विचारलं, "गाडी थांबवू?" म्हणाली, "नको, चालव."

सिनेमाचं सांगायचं राहिलं. मी शेठना काचवाल्याबद्दल सांगितलं. नवा शेवट असा, की नायक मागे जातो, वळणावर उभा राहतो, त्याला तो माणूस दिसतो आणि बायको काय करते ते दिसतं. तो काहीच अडवत नाही. परत येतो. आता अपघातही होतो, यंत्रही बनतं, हिशेबात एकही भोक उरत नाही. दिग्दर्शिकेनं फळा पुसून खडू खाली ठेवला. शेठ मग म्हणाले, "लेखकराव, आता सगळं पटतं. पण काही बदलायचंच नाही, तर हा गेला कशाला?"

"बघायला."

"नुसतं बघायला कोण तिकीट काढेल?"

सिनेमा होईल की नाही, सध्या कोणालाच माहीत नाही. शेठ टायरच्या दुकानात गेलेत, विचार करून सांगतो म्हणालेत.

आता खरी गोष्ट. आमच्या गावाजवळ आल्यावर पाण्याच्या टाकीचं वळण लागलं. मी वेग कमी केला, पण थांबलो नाही. ती म्हणाली, "थांब ना. मला बघायचंय." उतरलो. भरदुपार होती. भिंतीला नवं सिमेंट लावलेलं, एवढीच खूण. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि हातानं दाखवायला लागली. "मी इथून येत होते. तो तिथे. काच अशी तिरकी." मी तिच्या शेजारी उभा राहून बघत होतो. त्या संध्याकाळी मी त्याच गाडीत होतो, पण त्यातलं काही पाहिल्याची मला आठवण नाही. ती सांगत होती ते मी नव्यानंच ऐकत होतो. मोज्यांचंही परत एकदा झालं. मला अजूनही वाटतं, हट्ट मीच केला होता. तिला वाटतं, तिनं. ठरत नाही.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. एक मध्यमवयाचा माणूस सायकलवरून येत होता. आम्हाला बघून त्याला पाय टेकावा लागला.

"अहो, रस्त्याच्या मध्ये काय उभे राहताय? ह्या वळणावर गाड्या कशा येतात, माहीत आहे का? एखाद्या दिवशी मराल!"

आम्ही बाजूला झालो. तो पुटपुटत, पायडल मारत निघून गेला.

मी तिच्याकडे बघितलं. "हाच का?"

ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. "काच नाही ह्याच्याकडे."

"काच काय रोज असते का?"

"काय माहीत," ती म्हणाली. "असेलही. नसेलही." आणि मग आई, तिला हसू फुटलं. इतकं, की चांगल्या हातानं तिनं माझा दंड धरला. तो लांबवर जाऊन, दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं कडेला उभे होतो.

तुमचा,
जावई